टेबलावरचा रेल्वे-भराव: निळी शीट, थर्माकोल आणि गरम तारेचा कस

निकाल आधीच सांगून टाकू. वॉरगेममध्ये, म्हणजे टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायच्या लढाईत, २८ मिमी मापाचे शिपाई वापरत असाल तर रुळांखालच्या भरावासाठी ४० मिमी जाडीची एक्सपीएस शीट (इन्सुलेशनचा घट्ट फोम) घ्या, १५ मिमीचे असतील तर २५ मिमीची. थर्माकोलचाही भराव होतो, पण त्यावर टिकाऊ साल चढवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात शीटचे दोन भराव तयार होतात. पेनसारखा दिसणारा बॅटरीवरचा गरम तारेचा कटर या कामाला घेऊ नका. मॉडेल रेल्वेचा ट्रॅक सगळ्यात शेवटी घ्या, आणि खाली दिलेली सायकलच्या स्पोकची युक्ती जमली तर घेऊच नका. बहुतेकांचे पैसे नेमके उलट्या क्रमाने जातात: आधी परदेशी ट्रॅक येतो, मग त्याच्याखाली घालायला काहीतरी शोधलं जातं.

भराव टेबलावर कसा दिसतो ते पहिल्या दिवशी कळतं. तो कसा वागतो ते चौथ्या-पाचव्या खेळात कळतं, म्हणजे पायथ्याची कड उडालेली असते, उतारावर ठेवलेला शिपाई घरंगळलेला असतो आणि कुलरच्या वाऱ्याने एक तुकडा बोटभर सरकलेला असतो. इथे प्रत्येक वस्तूचा कस या वागण्यावरच लावला आहे.

मापं ठरल्याशिवाय खरेदी करू नये, म्हणून थोडा हिशेब. भारतीय रेल्वेच्या जुन्या मापांप्रमाणे एकेरी ब्रॉडगेजच्या भरावाचा माथा ६.८५ मीटर रुंद, मीटरगेजचा ५.८५ मीटर. उतार साधारण दोनास एक, म्हणजे दोन मीटर आडवं गेलं की एक मीटर खाली. हे जसंच्या तसं टेबलावर आणलं तर पंचाईत होते. पाच मीटर उंचीचा ब्रॉडगेजचा भराव १:१०० च्या प्रमाणात ५० मिमी उंच होतो आणि त्याचा पायथा जवळजवळ २७ सेंमी पसरतो. चार फूट रुंदीच्या टेबलात एवढी जागा एकट्या भरावाला दिली तर दोन्ही सैन्यांना उभं राहायला ओटाच उरतो. म्हणून उंची कापायची. उताराला मात्र फार हात लावायचा नाही.

तो का, तेही बघा. २५ मिमीच्या गोल बेसवरचा (बेस म्हणजे शिपायाखालची चकती) धातूचा शिपाई चाळीस अंशांच्या आसपास तोल जाऊन पडतो, आणि त्याच्या बऱ्याच आधी घसरतो. खरखरीत पृष्ठभागावर तीस अंशांपर्यंत तो बरा उभा राहतो. एकास एक उताराचा, म्हणजे ४५ अंशांचा भराव फोटोत रुबाबदार दिसतो, पण त्यावर कुणीही टिकत नाही. २८ मिमीसाठी ही मापं जमतात: उंची ४०, माथा १००, प्रत्येक बाजूचा उतार आडवा ७० मिमी. कोन तिसाच्या किंचित आत येतो. बेससकट शिपाई ३५ मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे भरावामागचा शिपाई पूर्ण झाकला जातो. दृष्टिरेषेवरून होणारे निम्मे वाद इथेच मिटतात. २५ मिमी उंचीचा भराव २८ मिमीच्या खेळात वापरला की मुंडकी वर दिसतात, आणि मग ‘दिसतंय की नाही’ यावर अर्धा तास जातो.

माथ्याच्या १०० मिमीत खडीची पट्टी ४५ मिमी धरली तर दोन्ही कडांना साडेसत्तावीस मिमी उरतात. २५ मिमीचा बेस तिथे सुखाने बसतो. ही मोकळी पट्टी सोडायला विसरलात तर रुळांमध्ये तिरका उभा राहणारा शिपाई पदरी पडतो.

१५ मिमीसाठी उंची २५, माथा ७०, उतार ४५ मिमी. इथे ५० × ३२ मिमीचे चौकोनी बेस असतील तर ते रुळांशेजारी मावत नाहीत, रुळांवरच आडवे ठेवावे लागतात. म्हणून १५ मिमीत खडी रुळाच्या डोक्याच्या जरा खालपर्यंत भरून घ्या. बेस दोन्ही रुळांवर टेकतो आणि डुगडुगत नाही.

आता शीट. एक्सपीएस म्हणजे एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन. छताच्या इन्सुलेशनला आणि शीतगृहांच्या भिंतींना वापरतात तीच. रंग कंपनीप्रमाणे निळा, गुलाबी, हिरवा. रंगावरून दर्जा ठरत नाही. आपल्याकडे नेहमी मिळणारं माप १२५० × ६०० मिमी. स्टेशनरीच्या दुकानात ती विचारू नका, तिथे थर्माकोलच हातात पडेल. छत्रपती संभाजीनगरात किंवा लातूर-नांदेडला इन्सुलेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराकडे चौकशी करावी. अडचण एकच: ही मंडळी गठ्ठ्याने विकतात. एक-दोन शीटसाठी गठ्ठा फुटत नाही, पण साइटवर उरलेली, कोपरा मोडलेली शीट द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आपल्याला ३०० मिमीचे तुकडेच करायचे आहेत, तेव्हा मोडका कोपरा चालतो. पिवळी पडलेली, उन्हात राहिलेली शीट मात्र घेऊ नका. वरचा थर भुकटीसारखा झालेला असतो आणि त्यावर काहीच धरत नाही.

एका शीटमधून किती निघतं? शीटचे ३०० × ६०० चे चार तुकडे करा, ५० मिमीची एक पट्टी उरेल. प्रत्येक तुकड्यात भरावाचे छेद एक सुलटा, एक उलटा, पुन्हा एक सुलटा असे बसवा. भरावाची सरासरी रुंदी १७० मिमी, तीन भरावांचे ५१० आणि टोकाच्या तिरपेपणाचे ७०, मिळून ५८०. ६०० मध्ये तीन बसतात आणि कापताना गरम तार जे खाते त्यालाही जागा राहते. म्हणजे एका शीटचे फूटभर लांबीचे १२ तुकडे. सहा फुटी टेबलाला सहा लागतात. उरलेल्या सहांतून मोरी (रुळांखालचा छोटा पूल), फाटक, वळण आणि टोकाचे उतार होतात. १५ मिमीच्या मापात याच पद्धतीने २५ मिमीच्या शीटमधून १६ तुकडे निघतात.

शीटचे गुण: कापलेली कड धारदार राहते, दाणे सुटत नाहीत, बोटाच्या दाबाने खड्डा पडत नाही, बॉलपेनने दगडी बांधकामाच्या रेघा कोरता येतात. दोष दोन. पहिला म्हणजे वरची गुळगुळीत साय. तिच्यावर पुट्टी पापडासारखी सुटते. ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती आधी घासून घ्यावीच लागते. दुसरा दोष वजनाचा. ४० मिमीचा फूटभर तुकडा जेमतेम ७० ग्रॅम भरतो. शर्टाची बाही लागली तरी सरकतो.

थर्माकोलबद्दल फार कडू बोलायचं कारण नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी निळी शीट मिळेलच असं नाही, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल घरोघरी पडलेला असतो. २०१८ च्या बंदीनंतर सजावटीचा थर्माकोल बाजारात पूर्वीसारखा मुबलक नाही, पॅकिंगचा आहेच. भरावासाठी हाच पॅकिंगचा घ्यावा, तो दुकानातल्या पांढऱ्या शीटपेक्षा बहुधा घट्ट असतो. ओळख सोपी: नखाने दाबा. दाणा लगेच आत गेला तर सोडून द्या. ब्लेडने कापाल तर दाणे फाटून निघतात, म्हणून तारच हवी. कापल्यावर पांढरा फेविकॉल निम्मा पाणी घालून लावा आणि त्यावर टिश्यू पेपरचे दोन थर एकमेकांना आडवे चिकटवा. ही साल वाळली की थर्माकोल भरावाचं काम चोख करतो. सालीशिवाय पुट्टी लावली तर पहिल्याच खेळात पुट्टीखालचे दाणे दबतात आणि वर भेगांची जाळी उठते.

दोन्ही साहित्यांचा शत्रू एकच: सॉल्व्हंट. स्प्रे पेंट, थिनर, पेट्रोल आणि सोफ्याच्या कामाचा तो पिवळा रबरी गोंद. यांतलं काहीही लागलं तर पॉलिस्टायरीन लोण्यासारखं वितळतं. चिकटवायला पांढरा फेविकॉलच वापरा. पण दोन शीटच्या मध्ये लावलेला फेविकॉल वाळायला हवाच पोचत नाही, तो आत चार-चार दिवस ओला राहतो. थर अगदी पातळ लावा, आरपार टूथपिक खुपसा, वर वजन ठेवा आणि किमान दोन दिवस हात लावू नका.

गरम तारेकडे वळू. बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला, शाळेच्या प्रोजेक्टसाठी विकला जाणारा बॅटरीचा पेन. मोरीचं तोंड किंवा खडकाचे कंगोरे करायला ठीक, पण ८० मिमी रुंदीचा सपाट उतार त्याने सरळ येत नाही. सेल उतरत गेले की शेवटचा उतार पहिल्यापेक्षा जाड निघतो, ते वेगळंच. दुसरा, टेबलाला उभी तार असलेला तयार कटर. काम चांगलं करतो, पण तार उभीच राहणार असेल तर तिरपा काप घेता येत नाही. तिरपी करायची सोय आहे का ते बघूनच घ्या. तिसरा, घरी केलेलं धनुष्य. भरावासाठी हाच सर्वांत उत्तम, आणि खर्चही सगळ्यात कमी.

धनुष्याचा हिशेब असा. ०.४ मिमी जाडीच्या नायक्रोम तारेचा रोध मीटरला सुमारे पावणेनऊ ओहम. ३५ सेंमी तार घेतली तर तीन ओहम. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर दीड ते पावणेदोन अँपिअरच्या मध्ये प्रवाह वाहतो, आणि शीट कापायला एवढी ऊब पुरते. चार्जरवर किमान २ अँपिअर लिहिलेलं हवं, ३ असेल तर उत्तम. हीच तार १२ व्होल्टच्या अडॅप्टरला जोडली तर चार अँपिअर मागते, लाल होते आणि काप बोटभर रुंद वितळतो. तापमान योग्य आहे का हे कापावरून कळतं. तार शीटमधून स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरायला हवी. मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे सुटले तर बरोबर. धूर दिसला तर जास्त. ढकलावं लागलं तर कमी.

सगळ्यांचा हमखास चुकणारा भाग म्हणजे तारेचा ताण. ३५ सेंमीची तार तापली की दीडेक मिमीने लांबते. आकडा किरकोळ वाटतो, पण ताण सुटला की तेवढ्यानेच तारेला मध्ये सेंटिमीटरभर पोट येतं. उतार मधोमध खोलगट निघतो आणि तुकडा शेजारच्याला जुळत नाही. म्हणून धनुष्याच्या एका टोकाला मजबूत स्प्रिंग हवीच. गिटारच्या खुंटीसारखी आवळून बांधलेली तार थंड असताना टणत्कार करते आणि गरम झाल्यावर लोंबते. धनुष्य लाकडाचंच करा. हॅकसॉची लोखंडी फ्रेम वापरलीत तर वीज तारेऐवजी फ्रेममधून जाईल.

साचा सनमायकाचा करा. फर्निचरच्या सुताराकडे हातभर तुकडे फुकट मिळतात. त्याचे भरावाच्या छेदाचे दोन एकसारखे तुकडे कापा आणि शीटच्या दोन्ही लांब कडांवर समोरासमोर टाचण्यांनी बसवा. मग तार दोन्ही साच्यांच्या तिरप्या कडेवरून एकाच वेगाने खाली आणा. सनमायका तापत नाही आणि तार अडकत नाही. पुठ्ठ्याचा साचा दुसऱ्या-तिसऱ्या कापाला जळून कड सोडतो. एक हात पुढे, एक मागे झाला तर उताराला पीळ पडतो, म्हणून साच्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करून ‘एक, दोन, तीन’ असं मोजत उतरवतात. दोघं असतील तर बरंच.

पंख्याखाली बसून हे काम होत नाही. वाऱ्याने तार एका बाजूला गार होते आणि काप वाकडा जातो. पण बंद खोलीतही करू नका, वितळलेल्या पॉलिस्टायरीनची वाफ घशाला लागते. ओसरी किंवा गच्ची, वारा पडलेला असताना.

पायथा. कापून निघालेल्या तुकड्याची खालची कड सुरीसारखी पातळ असते आणि सगळ्यात आधी तीच मोडते. दोन्ही बाजूंनी ५ मिमी पट्टी उभी कापून टाका, म्हणजे तिथे सुमारे ३ मिमीची उभी भिंत येते. खाली ३ मिमीचा सनबोर्ड चिकटवा, त्याची कड तिरपी तासा. फ्लेक्स आणि बोर्ड करणाऱ्यांकडे सनबोर्डच्या कतरणीचा ढीग असतो. त्याच्यावर छापील चेहरे असतील तर ते खालच्या बाजूला जाऊ द्या. एमडीएफचा तळ वजनदार असतो, ५.५ मिमीचा फूटभर तुकडा तीनेकशे ग्रॅम भरतो आणि भराव जागचा हलत नाही. पण वर ओली पुट्टी आणि खडीचं पाणी पडलं की एमडीएफ वाकतो, आणि कुलरच्या दमट हवेत कडेने फुगतो. घ्यायचाच असेल तर आधी दोन्ही बाजूंनी ऑइलपेंट मारून पूर्ण वाळवून घ्या. आमची पसंती सनबोर्डला, आत खोबण करून चार-पाच जाड वॉशर बसवले की वजनाचा प्रश्न सुटतो.

तुकडे एकमेकांना धरून ठेवायला चुंबक बसवत असाल तर ध्रुवांचा एकच नियम पाळा. टोकाकडे तोंड करून पाहिलं की डावीकडच्या चुंबकाचा उत्तर ध्रुव बाहेर, उजवीकडच्याचा दक्षिण. प्रत्येक टोकाला हेच. मग कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला, उलटा फिरवूनसुद्धा, चिकटतो.

वरची साल अशी: वॉल पुट्टी तीन भाग, फेविकॉल एक भाग, पाणी एक भाग, त्यात मूठभर चाळलेली वाळू. रंग वरून मारण्याआधी याच मिश्रणात घाला. पेंटच्या दुकानात स्टेनरच्या बाटल्या मिळतात, यलो ऑक्साइड जास्त, रेड ऑक्साइड थोडा, काळ्याचे दोन थेंब. असं केलं की टवका उडाला तरी आतून पांढरं दिसत नाही. थर दीड-दोन मिमीच्या वर गेला की तडा जातो. जाड हवा असेल तर दोनदा लावा.

रंगाचं कारण मातीत आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, म्हणून रुळांखालच्या भरावाला वर मुरूम लागतो. परभणी-नांदेडच्या बाजूला उघडा भराव पिवळसर तांबूस दिसतो आणि त्याला लागून असलेलं शेत काळंभोर. परदेशी व्हिडिओ पाहून सगळं एकाच तपकिरी रंगात रंगवलं की भराव कुठला आहे तेच कळत नाही. उतार मुरमाचा करा, पायथ्याची शेवटची बोटभर पट्टी काळ्याकडे झुकू द्या.

रूळ. मॉडेल रेल्वेचा सर्वांत सहज मिळणारा ट्रॅक म्हणजे ‘एचओ’ नावाच्या मापाचा, दोन रुळांत १६.५ मिमी. तो कुठल्या खेळाला कसा बसतो हे हिशेबाने बघा. ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:१०० मध्ये १६.८. म्हणजे १५ मिमीच्या शिपायांना एचओचा ट्रॅक जणू मापाने शिवलेला. मीटरगेज १००० मिमी. २८ मिमीसाठी धरल्या जाणाऱ्या १:५६ मध्ये १७.९, इथेही १६.५ खपतो. पण २८ मिमीमध्ये ब्रॉडगेज हवा असेल तर तीस मिमी लागतो आणि एचओ तिथे खेळणं वाटतो. १:७२ च्या प्लास्टिक शिपायांना तो ना ब्रॉडगेज होतो ना मीटरगेज, अधलंमधलं काहीतरी.

मराठवाड्याचा खेळ मांडणाऱ्यांना हे सोयीचंच आहे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडे जाणारा निजामाच्या रेल्वेचा मार्ग मुळात मीटरगेजचा होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईवर २८ मिमीत खेळ मांडलात तर भरावावर मीटरगेजच हवा, आणि एचओ तो भागवतो. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली, तिचा गेज (दोन रुळांतलं अंतर) ७६२ मिमी. तो २८ मिमीत साडेतेरा येतो, त्याला १२ मिमीचा ट्रॅक जवळचा. दोन्ही मार्ग पुढे ब्रॉडगेज झाले, त्यामुळे आज जाऊन काढलेल्या फोटोवरून मापं घेऊ नका. सिमेंटचे स्लीपर आणि विजेचे खांब १९४८ च्या टेबलावर आले की जाणकार हसतात.

विकत घेत असाल तर लवचिक ट्रॅक घ्या. त्याची लांबी ९१४ मिमी, म्हणजे एक यार्ड. त्यातून ३०० चे तीन तुकडे निघतात आणि दोन ट्रॅकमध्ये सहा फुटी टेबल पुरं होतं. १६८ आणि ३३५ मिमीचे ठरावीक तुकडे फूटभराच्या भरावाला जुळत नाहीत, प्रत्येक सांध्याला कापाकाप. गाडी धावायची नाही, तेव्हा गंजलेला, सांधा तुटलेला जुना ट्रॅक मिळाला तर तोच घ्या. रुळाची टोकं भरावाच्या कडेपासून अर्धा मिमी आत ठेवा. नाहीतर दोन तुकडे भिडवताना रूळच आधी एकमेकांवर आदळतात आणि उखडतात.

न घेता करायचं असेल तर आइस्क्रीमच्या काड्या आणि सायकलचे स्पोक. मीटरगेजचा लाकडी स्लीपर १.८३ मीटरचा, १:५६ मध्ये ३३ मिमी. काडी उभी चिरून दोन भाग, प्रत्येकाचे तीन, म्हणजे एका काडीचे सहा स्लीपर. बारा मिमीला एक धरला तर फूटभराला पंचवीस, सहा फुटांना दीडशे. काड्या पंचवीस लागतील, वाया जाणाऱ्या धरून तीस घ्या. रुळाला स्पोक: जाडी २ मिमी. मीटरगेजच्या ६० पौंडी (यार्डाला ६० पौंड वजनाच्या) रुळाची उंची साडेचार इंच असते, ती १:५६ मध्ये नेमकी २ मिमी येते. जुन्या सायकलच्या चाकातले बहुतेक स्पोक फूटभराच्या आसपासच असतात. वाकडे टोक आणि आटे कापून टाका. स्पोक चकचकीत असतो, त्यावर रंग धरत नाही, म्हणून आधी प्रायमरचा स्प्रे मारा. पण भरावावर बसवण्याआधी आणि भरावापासून लांब, कारण वर सांगितलंच आहे. रूळ गोल आहे हे वाकून बारकाईने पाहणाऱ्यालाच कळतं. खेळणारा तीन फुटांवर उभा असतो.

खडी विकत घेऊ नका. मराठवाड्यात राहून पाकिटातली खडी मागवणं म्हणजे गंगाखेडात बसून बाटलीतलं गोदाजल मागवण्यासारखं. खऱ्या रुळांखाली पडते ती बेसॉल्टचीच खडी, आणि स्टोन क्रशरवर तिचाच कच मिळतो. खरी खडी साधारण २० ते ६५ मिमीची. २८ मिमीच्या खेळाला याचा कण एक मिमीच्या आसपास, १५ मिमीच्या खेळाला अर्ध्या मिमीच्या आसपास हवा. रव्याच्या चाळणीतून पडलेला आणि मैद्याच्या चाळणीवर राहिलेला कच २८ मिमीला जमतो. चाळण्या स्वयंपाकघरातल्या नेऊ नका. नेल्यात तर परत नेऊ नका.

कच धुतल्याशिवाय वापरायचा नाही. त्यातली पांढरट पूड फेविकॉलच्या पाण्यात कालवली जाते आणि वाळल्यावर खडीवर सिमेंटसारखा थर बसतो. वरचं पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवा, उन्हात वाळवा. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, चुंबक फिरवला की काळे कण उडी मारून चिकटतात. तुमच्या शिपायांच्या बेसखाली चुंबक असतील किंवा भरावाच्या टोकाला बसवले असतील तर हे काम आधी उरका. नाहीतर सुटे कण चुंबकांवर दाढीसारखे जमतात आणि दोन तुकड्यांत फट राहते.

चिकटवताना क्रम चुकवू नका. कोरडा कच पसरा, मऊ ब्रशने स्लीपरवरून खाली झाडा, मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घातलेलं पाणी बारीक फवाऱ्याने मारा. पूर्ण ओलं झालं की एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी ड्रॉपरने सोडा. पाण्याचा फवारा न मारता फेविकॉल सोडला तर तो थेंबाथेंबाने गोळा होतो, कचात खड्डे पडतात आणि मग काही करता येत नाही. कोरड्या दिवसांत रात्रभरात वाळतं, श्रावणात दोन दिवस धरा.

गवताचं थोडक्यात. सॉ मिलचा भुसा चाळून स्टेनरने रंगवला की चालतो, उंच गवताला काथ्याच्या दोऱ्या कापून. दिवाळीनंतरचा भराव पिवळा, वाळलेल्या कुसळीचा. पण सप्टेंबर १९४८ चा खेळ असेल तर भर पावसाळा आहे, भराव हिरवागार हवा. भुसा रंगवून कडक उन्हात वाळवून मगच वापरा, नाहीतर कीड लागते.

जास्तीच्या तुकड्यांत पहिला मान मोरीला. सहा फूट सलग भराव टेबलाचे दोन देश करतो आणि खेळ थिजतो. एक मोरी आणि एक फाटक असलं की दोन्ही बाजूंना जिवाचं काम मिळतं. मोरीचं तोंड ३० मिमी रुंद, २५ उंच. वर दगडी कमान बॉलपेनने कोरा, काळा पाषाणी रंग द्या. ३५ मिमीचा शिपाई त्यातून जात नाही, नियमाने जातो; मोरीच्या दोन्ही तोंडांना एक-एक शिपाई ठेवण्याएवढी सपाट जागा तेवढी सोडा. फाटकाच्या तुकड्यात रस्ता रुळाच्या पातळीला येतो, म्हणून दोन्ही बाजूंना दीड-दीडशे मिमीचे वेगळे चढ करा. भरावाचा ७० मिमीचा उतार गाडीच्या मॉडेलला खडा पडतो, ते मागच्या चाकांवर बसतं.

थ्रीडी प्रिंट करून घेण्याबद्दल: नेहमीच्या प्रिंटरचा पाट २२० मिमीचा, त्यावर फूटभर तुकडा बसतच नाही. सांधे वाढतात, भरीव भरावाला साहित्य भरपूर लागतं, आणि पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात लातूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेला भराव संध्याकाळी केळ्यासारखा वाकलेला मिळेल. मोरीचं तोंड, मैलाचे दगड, तारेचे खांब प्रिंट करून घ्या, भराव नको. उन्हाळ्यात डिकीतली नेआण निळ्या शीटच्या भरावालाही सोसत नाही, सनबोर्ड वाकतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत न्या.

आणि सालीच्या मिश्रणात किती यलो, किती रेड, काळ्याचे किती थेंब घातले ते त्याच डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी सातवा तुकडा करताना आठवणीतून केलेला मुरूम कधीच जुळत नाही.